ग्रामोफोनचा जीर्णोद्धार कीं संहार?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित समाजांत जुन्या वस्तूंची एक नवीच हौस उत्पन्न झाली आहे. ज्या घरांतील पितळी समया, घंगाळें आणि तपेलीं एके काळीं मोडींत घालून त्यांच्या बदल्यांत स्टेनलेस स्टीलचे डबे आणण्यांत आले, त्याच घरांत आतां नवीं घंगाळें विकत आणून त्यांत कागदाचीं फुलें खोंवून ठेवलेलीं दिसतात. या हौसेबद्दल आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. आपल्या आज्या-पणज्यांची आठवण मनुष्यास पन्नाशींत कां होईना, होते, हें इष्टच आहे. परंतु या हौसेची धाड जेव्हां चावीच्या ग्रामोफोनवर पडते, तेव्हां मात्र आम्हांस स्वस्थ बसवत नाहीं. घंगाळ कितीहि घांसलें तरी तें घंगाळच राहतें. ग्रामोफोनचें तसें नाहीं; आणि त्याच्याबरोबर जी तबकडी बिघडते, ती कदाचित् जगांतील शेवटची असूं शकते. तेव्हां पुढील मजकूर कोणास कांहींसा तिखट लागल्यास त्यानें आमच्या गांवच्या मिरचीस दोष द्यावा.

प्रथम या हौसेचें सर्वांत स्थूल रूप पाहूं. दत्तजयंतीच्या सुमारास आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत, तापीच्या कांठीं, सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें घोडा घेण्यास आलेला मनुष्य आधीं जबडा उघडून दांत पाहतो, मग खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पायांची पारख करतो. झूल आणि घुंगूर कितीहि झगमगीत असले तरी त्यांवर तो एक पैसा चढवून देत नाहीं. आणि आमचा पदवीधर गृहस्थ? तो एखाद्या मोठ्या शहराच्या जुन्या बाजारांत जातो, पितळी कर्ण्याच्या झिलईंत आपलें तोंड पाहतो, पेटीवरील कुत्र्याचें चित्र पाहून गहिंवरतो, आणि हजारों रुपये मोजून ती जोखीम घरीं आणतो. म्हणजे यानें झुलीची किंमत दिली; खालीं घोडा आहे कीं गाढव, हें पाहिलेंच नाहीं.

हे कर्ण्याचे ग्रामोफोन बहुतेक आपल्याच देशांत हल्लींच्या काळांत घडविलेले असतात. नव्या लांकडाची अष्टकोनी पेटी, तिला काळसर रंग, पातळ पत्र्याचा नवा कर्णा, आणि आंत कोठल्या तरी मोडक्या पेटीग्रामोफोनमधून काढलेलें यंत्र, असा हा संकर असतो. ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. सुईचा हात तबकाच्या मध्यावरील खुंटीकडे वळवून पाहावा. अस्सल यंत्रांत सुईचें टोंक ठरलेल्या वळणानें खुंटीच्या अगदीं जवळून जातें. बनावट यंत्रांत तें भलतीकडेच भरकटतें, कारण करणाऱ्यानें तें ऐकण्यासाठीं केलेलेंच नसतें. पेटीच्या तळाशीं ओलें फडकें घांसून पाहावें. शंभर वर्षांचा रंग फडक्यास लागत नाहीं. हें शहाणपण आमच्या पदरीं जन्मतः आलेलें नाहीं. आम्हींहि एकदां अशीच झूल विकत घेतली होती, आणि ती अद्याप आमच्या माळ्यावर आहे.

त्या कुत्र्याची कथा मात्र मोठी मौजेची आहे. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकारानें आपल्या मूळ चित्रांत कुत्र्यासमोर नळकांड्याचा फोनोग्राफ रंगविला होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें तें चित्र घेतलें तें या अटीवर कीं, फोनोग्राफ पुसून तेथें आपला ग्रामोफोन काढून द्यावा. त्याप्रमाणें त्यानें रंगाचा दुसरा हात दिला. समोरचें यंत्र बदललें, तरी कुत्रा बिचारा पूर्वींसारखाच कान टवकारून बसला आहे. आमच्या दिवाणखान्यांत त्या झगमगीत कर्ण्यासमोर बसणाऱ्या पाहुण्यांची स्थिति याहून फारशी निराळी नसते.

असो. बनावट वस्तु घेणाऱ्याचे पैसे जातात, आणि पैसे ही पुन्हां मिळणारी वस्तु आहे. खऱ्या ग्रामोफोनची दशा याहून शोचनीय असते. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडास गुलाबी ऑइल पेंट फांसून त्याला जीर्णोद्धार म्हणणारी जी आमची बुद्धि, तीच येथेंहि कामास लागते. माळ्यावरून पेटी निघाली कीं पहिल्या रविवारीं सँडपेपर येतो. लांकडावरील कारखानदाराच्या नांवाची नाजुक मुद्रा त्याच्याखालीं नाहींशी होते. निकेलचा मुलामा घांसतां घांसतां उडून खालचें पितळ दिसूं लागतें, आणि तें पिंवळें दिसूं लागलें म्हणून घरांत आनंद होतो. वर जाड व्हार्निशचे दोन हात बसतात. आंत मात्र कोणी डोकावीत नाहीं. ऐंशी वर्षांपूर्वींचें वंगण तेथें तसेंच मेणासारखें थिजलेलें असतें. आंतलें कोणास दिसत नाहीं, हेंच त्याचें कारण. ज्या वस्तूचा सगळा जन्म आवाजासाठीं, तिला आम्ही डोळ्यांसाठीं सजवितों.

येथें कोणी विचारील कीं, हें सांगणारे तुम्ही कोण? तुम्ही कारागीर आहां काय? आम्ही कारागीर नाहीं. आमचा व्यवसाय इंग्रजी कविता शिकविण्याचा, आणि स्क्रू उजवीकडे फिरविला असतां घट्ट होतो कीं सैल, याविषयींहि पन्नाशी उलटेपर्यंत आम्हीं निश्चित मत बनविलें नव्हतें. परंतु आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे आजोबा कापसाचे व्यापारी असून तापी व्हॅली रेल्वेच्या मार्गानें त्यांचें सुरतेस नेहमीं जाणें-येणें असे. त्यांच्या वाड्याच्या माळ्यावर हिज मास्टर्स व्हॉइसचा १०२ नंबरचा पेटीग्रामोफोन निघाला. हा नमुना १९३१ सालीं निघाला; कर्णा पेटीच्या पोटांतच असतो आणि बाहेरून पाहणारास ही प्रवासाची काळी बॅग वाटते. घरांत पुस्तकें फार तेव्हां यांना हेंहि येत असेल, अशा समजुतीनें स्नेह्यांनीं ती आमच्या स्वाधीन केली. आम्हीं चावी दिली. तबक फिरूं लागलें; अर्ध्या मिनिटांत पोटांतून धप्प असा आवाज आला, गाणें हेलकावलें, पुन्हां धप्प झालें, आणि गाणारा दम तुटल्यासारखा खोल खोल जात थांबला.

नवशिका येथें काय करतो? कमान तुटली असें ठरवून नवी कमान शोधूं लागतो. वस्तुतः तुटलेली कमान अर्धा मिनिट सुद्धां चालत नाहीं. चावी दिली म्हणजे वाटोळ्या डब्यांतील लांब पोलादी पट्टी गुंडाळली जाते, आणि ती उलगडतांना तबक फिरवूं लागते. पट्टीच्या वेढ्यांमधील वंगण थिजलें कीं वेढे एकमेकांस चिकटतात, आणि ताण अनावर झाला कीं एकदम सुटतात. तो धप्प आवाज त्या सुटण्याचा. तिनें एकाच दमांत सगळी शक्ति खर्चूं नये म्हणून यंत्रांत एक नियंत्रक असतो. त्याच्या तीन लवचिक पट्ट्यांवर तीन लहान वजनें असतात. गति वाढली कीं तीं बाहेर फांकतात, त्यांच्याबरोबर सरकणारी चकती एका मऊ तुकड्यावर घासते आणि गति आवरते. सगळें यंत्र म्हणजे एवढेंच. एक धांवणारा आणि एक आवरणारा. घरोघरीं संसारहि याच तत्त्वावर चालतात, पण तें असो.

कमानीचा डबा आम्हीं स्वतः उघडला नाहीं, आणि कोणाहि नवशिक्यानें उघडूं नये. आंत दाबून बसविलेली पट्टी सुटली तर बोटें कापून काढते. आधीं यंत्र चालवून कमानींतील सगळा ताण उतरवावा आणि मग जाणत्याकडे जावें. आमच्या गांवांत एक वृद्ध घड्याळजी आहेत. त्यांनीं हातमोजे घालून डबा उघडला, तेव्हां आम्ही दोघेहि शिंकलों. दिवाळीनंतर नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात आणि सगळ्या हवेंत तिचा अंश असतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्याचें नवल वाटणार नाहीं. रॉकेलनें जुनें वंगण धुतलें, ग्राफाइट मिसळलेलें नवें घातलें. मग उत्साहाच्या भरांत आम्हीं नियंत्रकाचेहि स्क्रू काढावे म्हणून सुचविलें. घड्याळजी म्हणाले, "सर, तो चालतोय ना? मग त्याला कशाला हात लावायचा?" आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत इतकें नेमकें उत्तर आम्हीं कोणा विद्यार्थ्यास क्वचितच दिलें असेल.

साउंडबॉक्समधील रबर दगडासारखें झालें होतें. तें बदलून मऊ रबर घालतांच पत्र्यासारखा ओरडणारा आवाज माणसासारखा झाला. गति तपासण्यासाठीं कागदाच्या चकतीवर सारख्या अंतरानें सत्त्याहत्तर रेघा काढून ती तबकावर ठेवावी आणि विजेच्या जुन्या ट्यूबखालीं पाहावें. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या विजेंत तो दिवा सेकंदास शंभरदां लुकलुकतो. तबक मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेऊं लागलें कीं रेघा जागच्या जागीं थबकल्यासारख्या दिसतात. एवढें झालें आणि आम्ही थांबलों. बाहेरच्या बाजूस ओल्या फडक्यापलीकडे कांहीं लावलें नाहीं. स्नेह्यांच्या सूनबाई पाहून हिरमुसल्या आणि म्हणाल्या, "काका, हा अजून जुनाच दिसतो हो!" आम्हांस मिळालेली ही सर्वोत्तम पावती आम्ही समजतों.

आतां ज्यासाठीं ही लेखणी उचलली त्या मुद्द्याकडे येतों. ग्रामोफोन सुधारला म्हणजे तो निरुपद्रवी झाला असें नाहीं. उलट आतां तो तबकडीस खरा धोका होतो. मोडका असतांना तो निदान कांहीं वाजवीत तरी नव्हता. जुन्या तबकडींत लाखेबरोबर दगडाची पूड मिसळलेली असते, आणि ती मुद्दाम मिसळलेली असते. नव्या पोलादी पिनेचें टोंक पहिल्या कांहीं फेऱ्यांतच त्या पुडीनें घांसून रेघेच्या आकाराचें व्हावें, अशी ती योजना. रेघेस साजेसें झालेलें तें टोंक पुढें झिजतच जातें, आणि गाणें संपेपर्यंत त्याला धारदार कडा येतात. म्हणून एका बाजूस एक पिन, हा नियम. आमच्या मध्यमवर्गाच्या काटकसरीनें या नियमाची काय वाट लावली, हें कोणतीहि जुनी तबकडी उजेडांत तिरकी धरली असतां दिसतें. काळ्या चकचकीत रेघा करड्या झालेल्या असतात. विशेषतः मध्याकडील अर्धा-पाऊण इंच, कारण तेथें पोंचेपर्यंत पिनेची पटाशी झालेली असते. डबींतील शंभर पिना दहा वर्षें पुरविल्याचा अभिमान बाळगणारी कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं पिना वांचविल्या आणि गायन खर्चिलें. आणि आज पिना पैशापासरी मिळत असतांहि ती रीत सुटलेली नाहीं. कांहीं उत्साही मंडळी तर विनाइलच्या लाँगप्ले तबकडीवर ही पोलादी पिन ठेवतात, आणि एकाच फेरींत तिची शेतनांगरणी करतात.

हें आम्ही दुसऱ्यांस सांगत आहों. आतां आमचें ऐका. त्या पेटीबरोबर सहा तबकड्या मिळाल्या. पांच नाट्यगीतांच्या, त्यांच्या प्रति अनेक संग्राहकांपाशीं आहेत. सहावी निराळी होती. तिच्या एकाच बाजूस रेघा असून दुसरी बाजू कोरी होती, म्हणजे ती विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभींची. मधला कागद कसरीनें खाऊन टाकला होता. नांव नाहीं, राग नाहीं, कांहीं नाहीं. नवी पिन लावून वाजविली. बाईचा आवाज, उंच आणि स्वच्छ. लावणीचा घाट, मराठी शब्द. गाणें संपलें आणि अगदीं शेवटीं ती बाई कांहींतरी बोलली. खरखरींत तें बुडून गेलें.

काय बोलली असावी, हें आम्हांस तत्क्षणीं कळलें. १९०२ सालीं फ्रेडरिक गेसबर्ग कलकत्त्यास येऊन पहिलीं ध्वनिमुद्रणें करूं लागला, तेव्हां येथें छापखाना नव्हता. मुद्रित केलेले मेणाचे साचे जर्मनींत हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तेथून बनून येत. तेथील कामगारास हिंदुस्थानी गाणारांचीं नांवें कशीं कळावींत? म्हणून गाणें संपतांच गाणारानें आपलें नांव स्वतः उच्चारावें, असा प्रघात पडला. गौहरजान तर तें इंग्रजींत सांगत असे. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला आणि पुढें ही रीत मागें पडत गेली. तेव्हां जें नांव कागदावरून कसरीनें खाल्लें होतें, तें शेवटच्या रेघांत शिल्लक होतें. आणि नेमक्या त्याच रेघा तीन पिढ्यांच्या बोथट पिनांनीं खरवडल्या होत्या.

त्या क्षणीं तबकडी कागदांत गुंडाळून ठेवणें एवढेंच करावयाचें होतें. आम्हीं ती पुन्हां वाजविली, पुन्हां एकदां, पांच वेळां वाजविली. मग मनांत आलें कीं, रेघांत मळ बसला असेल. कपाटांत स्पिरिटची बाटली होती. कापसाचा बोळा भिजवून आम्हीं मध्याकडील तो अर्धा इंच हलक्या हातानें पुसला. बोळा काळा झाला. आम्हांस आनंद झाला. मळ निघाला असें वाटलें. तो मळ नव्हता, ती तबकडी होती.

लाख स्पिरिटांत विरघळते हें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. लहानपणीं घराच्या ओटीवर बसून सुतार लाखेचा चपडा स्पिरिटांत भिजत घालून कपाटास पॉलिश करीत असे, तें आम्हीं तासन् तास पाहिलें आहे. ज्या पळसावर लाखेचा किडा वाढतो तो पळस सातपुड्याच्या पायथ्याशीं फाल्गुनांत पेटल्यासारखा फुलतो, तो आम्ही दरवर्षीं पाहतों. लाक्षागृहाची कथा तर लहान मुलास सुद्धां माहीत असते. इतकें सगळें माहीत असून हातानें व्हावयाचें तेंच झालें; कारण त्या घटकेस आम्हांस ऐकावयाचें नव्हतें, कांहीं तरी करावयाचें होतें. मधल्या कागदाच्या कडेशीं तबकडीच्या अंगावर जो क्रमांक दाबून उठविलेला असतो, त्यावरून जाणते लोक गाणाराचें नांव हुडकून काढूं शकतात. आमच्या बोळ्याखालीं त्याचेहि शेवटचे दोन आंकडे गेले.

एका गाण्याचें एवढें काय, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले, गेसबर्ग यावयाच्या एक वर्ष आधीं. त्यांच्या आवाजाचीं वर्णनें वाचून आमच्या कित्येक पिढ्यांस समाधान मानावें लागलें. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, यंत्र दारांत होतें, तरी त्यांचा एक स्वर मागें राहिला नाहीं. जे गेले त्यांविषयीं आम्ही लेख लिहितों. जे लाखेंत राहिले आहेत, त्यांवर पटाशी चालवितों.

दुसरा आक्षेप तरुणांचा: हल्लीं सगळें मोबाईलवर मिळतें, मग हा खटाटोप कशाला? मिळतें खरें; पण तें मोबाईलांत उगवलेलें नाहीं. अब्दुल करीमखांचा किंवा बालगंधर्वांचा जो स्वर तुमच्या खिशांत आहे, तो कोणा तरी संग्राहकानें न घांसलेल्या, न पुसलेल्या तबकडीवरून उतरून घेतला म्हणून तेथें आहे. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळींनीं या कामीं जे कष्ट घेतले, त्यांची आठवण गाणें ऐकतांना कितीजणांस होते? आणि जें उतरलें गेलें नाहीं तें कोठेंच नाहीं. शहाद्याच्या, तळोद्याच्या, नवापूरच्या एखाद्या माळ्यावर, वैशाखांतल्या त्रेचाळीस अंशांच्या उन्हांत, एकावर एक आडव्या रचलेल्या चळतींत तें वांकत पडलेलें आहे. उभें ठेवलें तर वांचेल; पण तेवढेंहि कोणी करीत नाहीं. पेटीचा कर्णा मात्र बाहेर काढून दारांत फुलझाडासाठीं टांगलेला असतो.

तिसरा पक्ष खुद्द हौशी दुरुस्तकारांचा आहे आणि त्यांच्याशीं आमचें भांडण विशेष आहे. जुनी तबकडी जुन्या यंत्रावरच ऐकली पाहिजे, त्यांची जोडी फोडूं नये, असें ते म्हणतात. ऐकण्यास हें गोड वाटतें. ज्या तबकडीच्या शंभर प्रति आहेत ती खुशाल वाजवा. नवी पिन घाला, चावी द्या, शेजाऱ्यांस बोलवा, आम्हीहि येऊं. परंतु जिची दुसरी प्रत ठाऊक नाहीं, तिच्यावर शंभर ग्रॅमहून अधिक भाराचें पोलाद ठेवणें म्हणजे एकुलती एक पोथी पाट्यावर ठेवून वाचण्यासारखें आहे. ती हलक्या सुईच्या विजेच्या यंत्रावर जाणत्याकडून एकदां उतरवून घ्यावी आणि मग तिला विश्रांति द्यावी. आपण दुरुस्त केलेल्या यंत्रावर तिनें गावें ही इच्छा फार बळकट असते, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों. ती आवरणारा नियंत्रक बाजारांत मिळत नाहीं.

आमची ती तबकडी आम्हीं मग मुंबईस एका जाणत्या संग्राहकाकडून उतरवून आणविली. गाणें बरेंचसें शाबूत आलें. शेवटीं खरखर, आणि तिच्यांत एक अक्षर, बहुधा 'बा'.

गेल्या महिन्यांत तें गाणें आम्हीं स्नेह्यांच्या मातोश्रींस मोबाईलवर ऐकविलें. त्यांचें वय शहाऐंशी आहे. दोन ओळी होतांच त्यांनीं हात वर करून थांबविलें. नवी नवरी म्हणून त्या घरांत आल्या तेव्हां दुपारीं मिरच्यांचे देंठ खुडतांना सासूबाई हीच तबकडी लावीत, आणि ही कोणाची म्हणून विचारल्यावर त्यांनीं नांवहि सांगितलें होतें. "थांबा, आठवेल," असें म्हणून त्या डोळे मिटून बसल्या. तें त्या दिवशीं आठवलें नाहीं. आतां आम्ही गेलों कीं त्या दरवेळीं एखादें नांव सांगतात आणि पुढच्या खेपेस तें नव्हे म्हणतात. तबकडी ज्या पाकिटांत उभी करून ठेवली आहे, त्याच्यावर आम्ही पेन्सिलीनें तीं टिपून ठेवतों. आतांपर्यंत चार झालीं आहेत.